कानातला कापूस

भरल्या कार्यक्रमात, माईकवरून, मी माझ्या सख्ख्या भावाला ढोंगी म्हटलं. रागाच्या भरात तोंडून निसटलं, असं म्हणायची सोय मला नाही. मी ते यमक जुळवून म्हटलं, चालीत बसवून म्हटलं, आणि लोक हसले तेव्हा तीच ओळ पुन्हा घेतली.

आमची गायन पार्टी आहे. आदिलाबादच्या आसपासच्या मराठी गावांतून, सीमेपलीकडे किनवट-पांढरकवड्यापर्यंत, जयंतीला, विहाराच्या वर्धापनाला, कुणाच्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाला आम्ही गातो. पार्टी वडिलांची. ते दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे आणि वेचता वेचता गाणी जुळवायचे. आम्हा दोघा भावांना त्यांनी शिकवलं. दादा मराठी शाळेत मास्तर झाला, गावातच राहिला. मी तलमडुगूच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, कारकून आहे आणि मुलांच्या शाळेपायी आदिलाबादला भाड्याच्या घरात राहतो. वडिलांनंतर दादा पुढे उभा राहून गाऊ लागला. मी त्याच्या डाव्या हाताला पेटी घेऊन बसायचो आणि त्याची ओळ मागून उचलत झील धरायचो. पेटीही त्यानंच शिकवली. माझी बोटं धरून सुरांवर ठेवायचा आणि चुकलं की बोटावर हलकीच टिचकी मारायचा. ‘पेटीले मारू का तुले मारू?’ असं विचारायचा. मी म्हणायचो, ‘पेटीले.’ हा आमचा ठरलेला खेळ होता.

हे सगळं सुरू झालं त्या वर्षीच्या जयंतीला कार्यक्रम आमच्याच गावात, विहारासमोर होता. मंडपाच्या बांबूला भोंगा बांधायचं काम माझ्याकडे होतं. तार संपली होती. दुकानात जाऊन यायचा कंटाळा केला आणि सुतळीचे चार वेढे मारले. कार्यक्रमापुरतं निभेल, असं वाटलं. दादा खाली उभा राहून माईक तपासत होता. ‘ह्यालो, ह्यालो’ म्हणेपर्यंत भोंगा सुटला आणि त्याच्या डोक्यावर आला.

रक्त आलं नाही. तो पडला नाही, बेशुद्धही झाला नाही. स्टेजच्या कडेला बसला, पाणी प्यायला. उजव्या कानाच्या वर टेंगूळ आलं होतं.

“काई नाई,” तो म्हणाला. “थोडं गरगरून राह्यलं.”

“गाशील ना?” मी विचारलं.

माणसं भोवती गोळा झाली होती, बायका लेकरं घेऊन येऊन बसल्या होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, “चार गाणे तरी म्हण दादा. लोक तुह्यापायी आले हायेत.”

तो गायला. तिसऱ्या गाण्यात म्हटलेलं कडवं त्यानं परत घेतलं, आणि नंतर आणखी एकदा. लोकांना वाटलं रंगात आलाय, त्यांनी टाळ्या दिल्या. मी पेटीवरून वर पाहिलं, तर त्याचे डोळे कुठेतरी लांब लागलेले. कार्यक्रम संपल्यावर मंडपामागे त्याला उलटी झाली. उन्हानं झाली असेल, असं आम्ही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं हट्ट धरला म्हणून त्याला आदिलाबादला नेलं. डोक्याचा फोटो काढला. सगळं नॉर्मल होतं. हाड फुटलेलं नाही, आत रक्त साकळलेलं नाही, किरकोळ मार आहे, थोडा आराम करा, असं सांगितलं. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच सगळ्यांना चहा पाजला.

आमच्या लोकांबद्दल एक सांगतो. आमच्या वडिलांच्या पिढीनं अंगारे-धुपारे, अंगात येणं, बाहेरचं लागणं हे सगळं सोडलं. ते सोडलं याचा आम्हाला अभिमान आहे आणि असायलाच हवा. डॉक्टरच्या कागदावर जे लिहिलंय ते खरं, बाकी मनाचे खेळ, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. गाण्यांतूनही हेच सांगत आलो. म्हणून कागदावर ‘नॉर्मल’ आल्यावर माझ्यासाठी ती गोष्ट तिथं संपली. दादासाठी ती तिथून सुरू झाली होती.

आधी त्याला उजेड सोसेना. मग आवाज. वर्गात पोरं पाढे म्हणू लागली की तो बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. वहिनींनी घरातला कुकर बंद केला, पातेल्यात भात करू लागल्या. रविवारी तालमीला आम्ही त्याच्या अंगणात बसायचो. ढोलकी वाजवणारा आमचा मामेभाऊ. त्यानं थाप मारली की दादा कपाळ धरायचा. “हळू वाजव बे,” म्हणायचा. मामेभाऊ म्हणायचा, “ढोलकी हाय दादा, पापड नाई. हळू कशी वाजवू?” आम्ही हसायचो. सुरुवातीला दादाही हसायचा.

नंतर तो चिडू लागला. शब्द विसरू लागला. स्वतः जुळवलेली गाणी, शेकडो वेळा म्हटलेली, मधेच थांबायची. तो माझ्याकडे बघायचा आणि मी पुढचा शब्द द्यायचो. एकदा शब्द दिला तर म्हणाला, “मले माईत हाय, तू काऊन बोलतं?” आणि उठून आत गेला. त्यानंतर तो तालमीला येईना. विचारलं की एकच उत्तर, “डोकं दुखून राह्यलं.” महिन्यामागून महिने गेले तरी तेच. माझ्या ऑफिसात एकाच्या अंगावरून बैलगाडीचं चाक गेलं होतं, तो दीड महिन्यात कामावर आला. आणि दादाचं डोकं, ज्यात काहीच निघालं नव्हतं, ते पुढच्या जयंतीपर्यंत दुखत राहिलं.

ती जयंती दादाशिवाय झाली. मी पुढे उभा राहिलो. पहिल्या ओळीला सूर खाली लागला, तिसऱ्या गाण्याला नीट बसला. लोक म्हणाले, “भावासारखाच आवाज हाय.” मी ते ऐकलं आणि मला आवडलं. वडिलांच्या जागी आयुष्यात एकदा तरी उभं राहावं, असं मला लहानपणापासून वाटायचं, हे मी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी स्वतःलाही सांगितली नव्हती. भोंगा मी बांधला होता. दादा खरंच आजारी असेल, तर ते माझ्या सुतळीनं झालेलं होतं. तो ढोंग करत असेल, तर माझी सुटका होती. त्याचं ढोंग असणं माझ्या सोयीचं होतं. आज हे सरळ लिहितो आहे. तेव्हा मात्र मला एवढंच वाटायचं की दादानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं. ज्यानं बोट धरून शिकवलं, त्यानंच बोट सोडलं. वडिलांच्या पार्टीचं त्याला काही वाटत नाही. बायकोला मी हे रोज सांगायचो. ती एकदा म्हणाली, “जाऊन इचारा ना त्याह्यले.” मी म्हटलं, “इचारून काय होते? कागद बोलते ना.”

पावसाळ्यानंतर मामेभाऊ एका लग्नासाठी मुधोळला गेला होता. परत आला तो थेट माझ्या घरी. चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, “तुह्या दादाचं डोकं बरं झालं वाटते.”

“काऊन?”

“मुधोळच्या पार्टीच्या तालमीत बसून होता. मी माह्या डोयानं पाह्यलं. मागं भिंतीले टेकून. मान हालवून राह्यला होता गाण्यावर.”

“दुसरा कोनी असंन.”

“माह्या आतेभावाले मी वयखत नाई का बे?”

मी वहिनीला फोन केला. दादा घरी नव्हता, चुलत सासऱ्याकडे गेला होता. ते कुठे राहतात, ते मला माहीत होतं. मुधोळला.

त्या दिवशी मला जे वाटलं ते अजून आठवतं. घरच्या ढोलकीनं डोकं फुटतं आणि मुधोळच्या ढोलकीवर मान डोलते. म्हणजे त्याला गाणं सोडायचं नव्हतं, आम्हाला सोडायचं होतं. मला सोडायचं होतं. त्याला जाऊन विचारणं सोपं होतं. गावाला बस मिळते, अर्ध्या तासाचा रस्ता आहे. मी गेलो नाही. राग मनात ठेवला आणि राखून वापरला.

थंडीत विहाराच्या वर्धापनाला गावानं कव्वालीचा सामना ठेवला. ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एक गाण्यातून सवाल टाकते, दुसरी जवाब देते. मधे मधे एकमेकांना टोले असतात. समोरच्याची उंची, पोट, आवाज, गाव, काहीही चालतं. जितका टोला झोंबतो तितके लोक खूश. शेवटी दोघं गायक उठून एकमेकांना हात जोडतात आणि म्हणतात, ‘बोललं चाललं माफ करा.’ मग टोले तिथंच मिटतात. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही.

आमच्यासमोर यवतमाळकडची एक बाई होती. मोठी पार्टी, मोठा आवाज. दुपार उतरणीला लागली तेव्हा आम्ही बसलो. माझा हा पहिलाच सामना. दुसरा सवाल चालू असताना मला गर्दीत दादा दिसला. लिंबाच्या झाडाखाली, अगदी मागे. डोळ्यांवर गॉगल. आला तर खरा, असं म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यानं मान वळवली आणि मला त्याचे कान दिसले. दोन्ही कानांत कापसाचे पांढरे बोळे होते.

भाऊ गातोय आणि हा कानात कापूस घालून बसला आहे. सगळ्या गावासमोर.

समोरच्या बाईचा टोला माझ्या आवाजावर होता. मी जवाब द्यायचा तो तिला. मी झाडाकडे बोट केलं आणि सूर उचलला:

“घरच्या गाण्याले डोकं दुखते, मुधोळच्या गाण्याले मान डुलते,
असं कसं हे ढोंग, भाऊ, कानात कापूस घालून बसते!”

सगळं गाव वळून पाहू लागलं. मग हशा उसळला. मामेभावानं अशी थाप मारली की मंडप दणाणला. मी ‘असं कसं हे ढोंग’ परत घेतलं, आणि अजून एकदा घेतलं. दादा उठला. एक हात झाडाला लावून तसाच थोडा वेळ उभा राहिला. लोकांना ते ढोंगच वाटलं, आणखी हसले. मग तो भिंत धरून धरून घराकडे गेला.

सामना बरोबरीत सुटला. रीतीप्रमाणे मी बाईसमोर हात जोडले. “बोललं चाललं माफ करा, ताई.”

तिनं हात जोडले आणि माईकपासून तोंड बाजूला घेऊन म्हणाली, “मले काऊन माफी मागता भाऊ? मी तं हसून राह्यली होती. ज्याले लागलं तो उठून गेला.”

मी तिला सांगितलं नाही की तो माझा भाऊ आहे. तिला ते कळलं असावं.

पुढच्या महिन्यात वहिनी माझ्या ऑफिसात आल्या. त्या कधी ऑफिसात येत नाहीत. मी खुर्ची दिली, त्या बसल्या नाहीत. पदराच्या गाठीतून काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. कापसाचे दोन बोळे होते.

“हे पाहा भाऊजी. तुमच्या सामन्याच्या आधी आठ दिवस आमी हेच करून राह्यलो होतो. जास्त घातला तं काईच ऐकू येत नाई. कमी घातला तं ढोलकीनं डोकं फाटते. मी घरात ताट वाजवत होती अन् मोबाईलवर तुमचं गाणं लावत होती. ताट ऐकू नाई याव अन् तुमचा आवाज याव, तेवढाच कापूस पाह्यजे होता त्याह्यले. ‘लहान्या पह्यल्यांदा सामन्याले बसून राह्यला, मले ऐकाचं हाय,’ म्हणत होते.”

माझ्या तोंडून निघालं, “अन् मुधोळ?”

“मुधोळले काऊन गेले, हे तुमी त्याह्यले इचारलं का कधी? तिथल्या पार्टीत कोनी वयखत नाई म्हून गेले. डोकं किती वेळ टिकते ते पाहाले. तुमच्यासमोर मधातून उठाव लागलं असतं तं तुमी काय म्हटलं असतं? टिकलं नाई. एका गाण्यातच बाहेर येऊन नालीजवळ बसले. तुमच्या मामेभावानं मान हालवलेली पाह्यली. पुढचं नाई पाह्यलं.”

ऑफिसात माणसं होती. त्या हळू बोलत होत्या, तरी सगळे ऐकत होते.

“आता शाळेतले पोरं ‘कापूस काढा गुरुजी’ म्हणतात. मास्तरं पन म्हणतात. तुमी दिलेलं नाव हाय, पक्कं बसलं.”

एवढं बोलून त्या गेल्या. बोळे टेबलावरच राहिले.

मग मी दादाला घेऊन गेलो. तो यायला तयार नव्हता. वहिनी म्हणाल्या म्हणून आला. आदिलाबादला दुसऱ्या डॉक्टरांकडे. तेलुगू माणूस, आमच्याशी हिंदीत बोलले. दादाला त्यांनी खूप प्रश्न विचारले. झोप कशी आहे, उजेडानं काय होतं, वास येतो का, वाचलेलं लक्षात राहतं का. दादा प्रत्येकाचं उत्तर देत होता, आणि त्यातली निम्मी उत्तरं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. त्याला भाजीच्या फोडणीचा वास येत नव्हता, हे मला माहीत नव्हतं. रस्ता ओलांडताना जमीन हलल्यासारखी होते, हेही माहीत नव्हतं.

मी जुना फोटो पुढे केला. “साब, इसमें तो सब नॉर्मल है.”

“मशीन में दिखा नहीं, मतलब हुआ नहीं, ऐसा नहीं है,” डॉक्टर म्हणाले. किरकोळ माराचं बहुतेकांचं काही दिवसांत निवतं, पण काहींचं लांबतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. मग दादाला विचारलं, “लगने के बाद उस दिन आराम किया था?”

दादानं माझ्याकडे पाहिलं नाही. “गाना गाया था,” म्हणाला.

त्या उत्तरात त्यानं माझं नाव घेतलं नाही. लोकांसमोर माझी लाज राखली. मी त्याची राखली नव्हती.

औषधं, व्यायाम, हळूहळू वाढवायचं वाचन, सगळं सुरू झालं. एकदम फरक पडेल असं डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, आणि पडलाही नाही. मी दर रविवारी गावाला जाऊ लागलो. पेटी न नेता. एका रविवारी वहिनी विहारात वंदनेला गेल्या होत्या. दादा आतल्या खोलीत होता, खिडकीला चादर लावलेली. मी खाली बसलो आणि मनात जुळवून आणलेलं सगळं बोलायला लागलो. भोंगा, सुतळी, चार गाणी, मुधोळ, सामना. तो ऐकत होता. मी “मले माफ कर” म्हणायला गेलो, तर त्यानं हात वर केला.

“हे इथं काऊन सांगून राह्यला?”

“मंग कुठं सांगू?”

“मी ढोंग नाई करत, हे मले माईत हाय. माह्या बायकोले माईत हाय. आमाले सांगून काय फायदा? तू गावाले सांगितलं होतं. गावालेच सांग.” मग म्हणाला, “भोंगा पडला त्याचा मले राग नाई रे लहान्या. तार संपली होती. पन तू मले वयखतं असं मले वाटत होतं. दुसरं कोनी नाई वयखलं तरी चाललं असतं.”

अंधारात त्याचा हात माझ्या बोटांवर आला आणि त्यानं हलकीच टिचकी मारली. ‘पेटीले का तुले’, हे त्यानं विचारलं नाही.

जयंती आली. मी कमिटीच्या अध्यक्षांना गाठलं आणि म्हटलं, गाण्याआधी मला बोलायचं आहे.

“माफी कशाची बावा?” ते म्हणाले. “सामन्यात तं चालतेच. लोक इसरले.”

“नाई इसरले. शाळेत जाऊन ऐका.”

“बरं, बोल. पन लौकर आटप.”

“अन् भोंगे बंद ठेवा लागतीन. दादा येऊन राह्यला.”

अध्यक्षांनी कपाळाला हात लावला, पण भोंगे बंद केले. या वेळी ते तारेनं बांधले होते, प्रत्येक गाठ मी स्वतः ओढून पाहिली होती. उन्हं कलली होती. दादा त्याच लिंबाखाली गॉगल लावून बसला होता, शेजारी वहिनी. कानात कापूस होता.

मी स्टेजवर उभा राहून बोलायला सुरुवात केली, तर मागून ओरडा झाला, “आवाज नाई येऊन राह्यला!” “माईक चालू कर ना बे!” मामेभाऊ ढोलकीवरचा हात काढून माझ्याकडे बघत होता. मी खाली उतरलो. बसलेल्या माणसांच्या मधून वाट काढत झाडापर्यंत गेलो, म्हणजे मागच्यांनाही ऐकू येईल आणि पुढच्यांना मान वळवावी लागेल. मागच्या वेळी त्यांनी वळवली होती तशीच.

“मागच्या सामन्यात मी माह्या दादाले इथं ढोंगी म्हटलं,” मी म्हणालो. “तुमी हासले, कारण मी हासवलं. ते खोटं होतं. त्याच्या डोक्यावर जो भोंगा पडला तो मी बांधला होता, सुतळीनं, कंटाळा करून. मार लागल्यावर त्याले गायाले मी लावलं. तेव्हापासून त्याले आवाज सोसत नाई, उजेड सोसत नाई, शब्द आठवत नाई. डॉक्टरनं सांगितलं हे खरं हाय. डॉक्टरनं सांगाच्या आधी त्यानं मले कितीखेपा सांगितलं होतं. मी कागदाचं ऐकलं, भावाचं नाई ऐकलं. त्याच्या कानात कापूस हाय तो गाणं टाळाले नाई. माह्यं गाणं ऐकाले हाय. आजपासून त्याले कोनी ‘कापूस’ म्हणाचं असंन, तं आधी मले म्हणा. अन् दादा, मी बोललो, मी चाललो, मी सगळ्याइच्या समोर तुले खाली पाडलं. इथं, सगळ्याइच्या समोर, मले माफ कर.”